पातेल्यातलं संशोधन

ललितचा गुडघा सकाळी बटाट्याएवढा सुजायचा आणि संध्याकाळपर्यंत नारळाएवढा. सहा वर्षांचं पोर, पण अंगणात जायलाही हर्षदाताईच्या कडेवर! त्यामुळे डॉक्टर श्वेता लहान मुलांच्या सुजेवर संशोधन करायला पांडेसरा वस्तीत या भावंडांच्या गल्लीत आल्या, तेव्हा दहावीतल्या हर्षदाने भावाचं नाव सगळ्यांच्या आधी घुसवलं. आणखी तिघं होतीच. कुणाचं मनगट सुजलेलं, कुणाचं कोपर.

मॅडमनी चौघांना सारख्याच दिसणाऱ्या बाटल्या दिल्या. "दोघांच्या बाटलीत खरं औषध आहे, दोघांच्या बाटलीत नुसतं गोड पाणी. कुणाला काय मिळालं, ते मलाही माहीत नाही."

मॅडम रिक्षात बसल्या न बसल्या, तोच शेजारची मंगलाबाई पदर खोचून उभी राहिली. घरी मांडे केले तरी गल्लीत घरोघर वाटणारी बाई ती!

"एकले औसद नि दुसराले पानी? हाऊ काय न्याय शे, माय?"

तिने चारही बाटल्या पातेल्यात ओतल्या, पळीने ढवळल्या आणि सारख्या भरून परत केल्या. सगळ्या आया खूश.

महिन्याभराने रक्ताचे रिपोर्ट घेऊन आलेल्या मॅडम खाटेवर मटकन बसल्या. "चौघांचीही सूज बरोबर अर्धी उतरलीय, पाणी पिणाऱ्यांचीसुद्धा! हे जगापुढे मांडायलाच हवं!"

हर्षदा पेचात पडली. खरं सांगावं, तर ललित संशोधनातून बाहेर. गप्प बसावं, तर बिचारा कायम अर्ध्या औषधावर.

"मॅडम," ती म्हणाली, "पातेलं घासून ठेवलंय, पण सांगते." आणि सगळं सांगून टाकलं.

"एक थेंब बी सांडू दिधा नही!" मंगलाबाईने अभिमानाने भर घातली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "संपलं माझं संशोधन. चौघंही बाहेर."

हर्षदा हटली नाही. "बाहेर ना? मग आता कुणाला पाणी पाजायचं कारणच नाही! खरं औषध द्या की!"

मॅडमनी बॅग उघडली. "देते. पण बाटल्या संपल्या, आता सुई टोचावी लागेल."

सुई म्हटल्याबरोबर मनगटवाला, कोपरवाली, सगळी वानरसेना पसार! पाय धडधाकट होते ना त्यांचे. ललितलाही पळायचं होतं, पण गुडघ्याने उठूच दिलं नाही.

"थांबा, थांबा! एकलेच नका देऊ! समदासले आनू द्या!" मंगलाबाई पोरांमागे धावत ओरडली.

हर्षदाने भोकाड पसरलेल्या भावाला घट्ट कवटाळलं. "त्या यायच्या आत टोचा, मॅडम! टोचा!"