टाकीवरचा पहारा

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा बायकोने एकच अट घातली.

"घर काय वाट्टेल तसं बांधा. पण अंगणातल्या टाकीला तडा गेला, तर नव्या घरात मी पाऊल टाकणार नाही. बहिणीकडे जाऊन राहीन."

ती बोलते ते करते, हे मी चाळीस वर्षं बघत आलोय. ही जमिनीखालची टाकी बांधण्याआधी तिने बारा वर्षं लांबून पाणी वाहिलं होतं. आता छतावरचं पावसाचं पाणी टाकीत उतरतं आणि वर्षभर पुरतं.

आम्ही दोघं दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. तिचे गुडघे सुजलेले, त्यामुळे पहाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. मी टाकीच्या चारी बाजूंनी बांबू रोवले, दोरी ताणली, उन्हासाठी वर पत्रा टाकला आणि टाकीच्या स्लॅबवर मधोमध स्टूल ठेवून बसलो.

पहिल्याच दिवशी वाळूचा ट्रक टाकीच्या दिशेने मागे मागे येऊ लागला. मी काठी घेऊन आडवा झालो. "एकही चाक दोरीच्या आत येणार नाही!"

मुकादम हसला. "आजोबा, टाकी आहे की तिजोरी?"

"तिजोरी असती तर एवढा ओरडलो नसतो."

त्या दिवसापासून चाकांना बंदी झाली. ट्रक बाहेर, खडीची गाडी बाहेर, पोराची मोटारसायकलसुद्धा बाहेर. पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही माझंसुद्धा ऐकत नाही." मी म्हटलं, "तुझ्या आईचं ऐकतोय, तेवढं पुरे आहे."

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं. मुकादम धावत आला, या खेपेला अगदी गोड आवाजात. "आजोबा, साइटवर कोरडी जागा तेवढी तुमचीच. दोन गोण्या सिमेंट ठेवू का? भिजलं तर दगड होईल बघा."

गोण्या खांद्यावरून आल्या. खांद्याला चाक नसतं. मी म्हटलं, ठेव.

पाठोपाठ फरशीवाला आला. म्हणाला, बाहेर ठेवल्या तर फुटतील, तुमच्यासारखी नजर कोणाची नाही. मला बरं वाटलं. मग नळवाल्याचे पाइप आले, सुताराची दारं आली, गवंड्याचा डबासुद्धा आला. दोन गोण्यांच्या चाळीस कधी झाल्या ते कळलं नाही. उलट नीट रचून घ्यायला मीच सांगत होतो. दुपारचा चहाही सगळे तिथेच प्यायचे, गोण्यांवर टेकून. एवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

बाराव्या दिवशी असाच चहा चालला होता. स्टुलाखालून आवाज आला. कट्ट.

गवंड्याने कप खाली ठेवला. मुकादम म्हणाला, "आजोबा, गुडघा वाजला का?"

माझा गुडघा नव्हता. स्लॅबच्या एका कोपऱ्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत केसासारखी रेघ गेली होती.

आणि तेवढ्यात, गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत, बायको फाटकातून आत आली. बारा दिवसांत पहिल्यांदाच, आणि नेमकी त्याच घटकेला.

तिने गोण्या बघितल्या. फरश्या बघितल्या. दारं, पाइप, डबा, कप बघितले. मग मला बघितलं.

"चाक एकही आत येऊ दिलं नाही," मी म्हटलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "टाकीवर दुकान मांडलंय. उतरवा सगळं."

मुकादम, गवंडी, फरशीवाला, सगळे रांगेत उभे राहिले आणि माल हातोहात बाहेर गेला. मग तिने नव्या न्हाणीघराचा आरसा मागवला. टाकीच्या तोंडावरचं झाकण उघडून आरशाने ऊन आत पाडलं आणि वाकून एकेक भिंत तपासली. पोरगा म्हणाला, "आई, काही नाही झालेलं." ती म्हणाली, "तू गप्प बस." एक बांबू टाकीत उभा केला, पाणी लागलं तिथे कोळशाने खूण केली आणि बांबू रात्रभर तसाच आत ठेवला. "उद्या सकाळी बघू. पाणी उतरलं असेल, तर बहिणीला मी येते म्हणून कळवा."

त्या रात्री मी जेवलो की नाही, ते मला आठवत नाही.

सकाळी सगळे आमच्या आधीच येऊन उभे होते. तिने बांबू वर काढला. पाणी बरोबर खुणेपर्यंत होतं, बोटभरही कमी नाही. मुकादमाने एवढा मोठा श्वास सोडला की गवंडी हसायला लागला.

"भिंती शाबूत आहेत," ती म्हणाली. "वरचा स्लॅब नवा घाला, जाड. आणि आजपासून पहारा माझा."

स्टूल दोरीबाहेर, टाकीपासून चार पावलांवर गेलं आणि त्यावर ती बसली. नळवाला पाइपांचा भारा घेऊन आला. "आजी, हे जरा पत्र्याखाली..."

"वजन किती?"

नळवाला पाइप घेऊन परत गेला.

फरशीवाल्याला "वजन किती?" विचारलं, सुताराला विचारलं, नंतर कोणी आलंच नाही. दुपारी मी चहा घेऊन गेलो. ऊन होतं, म्हणून कप घेऊन टाकीवर, पत्र्याखाली टेकणार, इतक्यात तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमचं वजन किती?"

मी दोरीबाहेर आलो आणि विटेवर बसून चहा प्यायलो.