घरधन्याचं नाव

फोन वाजला तेव्हा कौशल्याबाईच्या जिवात जीव आला. घरधन्याच्या हृदयाच्या गोळ्या संपल्या होत्या, लाखनीच्या एकाही मेडिकलमध्ये त्या मिळत नव्हत्या, म्हणून पुण्याच्या मुलानं, भूपेंद्रनं, त्या मोबाइलवरून मागवल्या होत्या. एकही दिवस खंड पडू देऊ नका, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. तो खंड काल पडला होता आणि आजचीही सकाळ उलटून गेली होती. घरधनी तुलाराम दोन घोट पेज पिऊन भिंतीकडे तोंड करून निजला होता. ‘अवो’ म्हणून हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही.

फोनवर पार्सलवाला होता, कैलाश नावाचा. तो महामार्गाच्या फाट्यावर उभा होता. पार्सल कोणाच्या नावावर आहे, असं त्यानं विचारलं. गुंजनच्या आजोबांच्या, असं कौशल्याबाईनं सांगितलं. गुंजन कोण? तर भूपेंद्रची पोरगी. भूपेंद्र कोण? तर माझा मुलगा. त्यानं आडनाव विचारलं. तिनं गायधने सांगितलं. पण निम्मं गाव गायधनेच, त्याचा काय उपयोग!

‘‘मावशी, पार्सलवर जे नाव आहे ना, थेच सांगा,’’ तो म्हणाला.

इथंच सारं अडलं. ते नाव कौशल्याबाईच्या तोंडून उखाण्याखेरीज कधी बाहेर पडलं नव्हतं. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे सासूनं पहिल्याच दिवशी कानात घातलेलं. बँकेत साहेबानं विचारलं तर ती पासबुकावर बोट ठेवायची. मतदानाला शेजारच्या बेबीबाईला सोबत न्यायची आणि तिच्याकडून वदवून घ्यायची. सून हसायची, मुलगा चिडायचा, पण बाईनं नेम सोडला नाही. आणि आता माणूस असा निपचित पडलेला असताना, नेमकं आजच ते नाव उच्चारायचं?

तिनं त्याला खरं काय ते सांगून टाकलं. तो हसला नाही.

‘‘माह्या मायनंबी कधी नाही घेतलं, मावशी. पन काल मीच नाव वाचून दाखवलं, अन् भलत्याच मानसानं हो म्हनून दुसऱ्याचं औषध नेलं. आता मालक म्हनते, घेनाऱ्याच्या तोंडून नाव आयकल्याबिगर पार्सल सोडू नको. घरातल्या दुसऱ्या कोनाले सांगाले लावा. चहा पिऊन फोन करतो. मंग मले साकोलीकडे निघा लागते.’’

आता घरात दुसरं होतं कोण? तिनं भूपेंद्रला फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. कंपनीत शिरताना मोबाइल कपाटात ठेवावा लागतो, हे तिला ठाऊकच होतं. ती गल्लीत आली. धानाच्या रोवण्याचे, लावणीचे दिवस, सगळी दारं कडी लावून बंद. बेबीबाईसुद्धा चिखलात रोवणा करत वाकली असेल. उन्हात उभ्या उभ्या कौशल्याबाईला बायाबाई ढिवरीण आठवली, आणि आठवण आली ती या पार्सलवरच्या रागासकट आली.

काय दिवस होते ते! बायाबाई तलावातली मासोळी टोपलीत घेऊन दारात यायची ती थेट मागच्या पडवीत शिरायची. पैशांचं नाव नाही, पायलीभर धान ओतलं की झालं. मागून बांगड्यावाला यायचा, मिठाची गाडी यायची, रॉकेलवाला भोंगा वाजवत यायचा. एकानंही कधी विचारलं नाही की घर कोणाच्या नावावर आहे. भूपेंद्र लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा बायाबाईनंच लाखनीच्या डॉक्टरकडून औषधाची बाटली आणली होती, मासोळीच्या टोपलीत घालून. बाटलीला असा वास, की पोरगं औषधाआधीच ओकायचं. पण औषध दारात आलं होतं. न सांगता, न विचारता आलं होतं. आता म्हणे सगळं घरपोच मिळतं, सून कांदेसुद्धा मोबाइलवर मागवते. मिळत असेल बापडं, पण फाट्यावर अडून बसतं त्याचं काय?

शेजारच्या ओट्यावर म्हातारा गोमाजी पेंगत होता. गावात तेवढाच एक माणूस हाताशी होता. तिनं त्याला हलवून उठवलं आणि नीट समजावलं, फोनवर विचारतील तेव्हा आमच्या घरच्यांचं नाव सांगा. गोमाजीनं मान डोलावली. तेवढ्यात फोन आलाच. तिनं तो त्याच्या कानाला लावला. पलीकडून कैलाशनं विचारलं, बाबा, नाव काय? झोपेतून उठवलेल्या माणसाला कुणी नाव विचारलं तर तो काय सांगणार? म्हाताऱ्यानं ऐटीत स्वतःचं सांगितलं, बापाच्या नावासकट.

कौशल्याबाईनं फोन हिसकावून घेतला. कैलाशचा आवाज आता बदलला होता. हे भलतंच नाव आहे, म्हणाला, कालच्यासारखंच काहीतरी दिसतं, मी पार्सल परत पाठवतो.

‘‘थांब बापू, थांब. सांगतो मी.’’

ती आपल्या अंगणाच्या पार टोकाला, गोठ्यापाशी गेली, म्हणजे आत ऐकू जायला नको. उखाण्यात घ्यावं, उखाण्याला दोष नाही, असं तिच्या मनात आलं. ‘वैनगंगेच्या काठी डोलते आमराई’ इथपर्यंत जमलं, पुढची ओळ काही केल्या सुचेना. देवा, घटवायचंच असेल तर माझं घटव, असं म्हणून तिनं डोळे मिटले आणि नाव पुटपुटलं.

‘‘आयकू नाही आलं, मावशी. जोरानं बोला.’’

‘‘तुलाराम!’’ ती ओरडली. ‘‘तुलाराम गायधने!’’

हो, हेच, निघालोच, असं काहीसं कैलाश म्हणाला. तिनं ते धड ऐकलंच नाही, कारण घरातून आवाज आला होता. बारीक, घोगरा, पण आवाज.

‘‘ओ... कोन व्हय?’’

ती धावत आत गेली. तुलाराम खाटेवर उठून बसला होता आणि पायांनी चपला चाचपत होता.

‘‘कोनीतरी मले बलावलं,’’ तो म्हणाला. ‘‘बाईमानसाचा आवाज होता.’’

‘‘मीच होतो,’’ कौशल्याबाई म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. कशाचं रडू ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाप केल्यासारखंही वाटत होतं आणि तो बसलेला पाहून हायसंही वाटत होतं.

तुलाराम तिच्याकडे पाहत राहिला. चपला पायात घालायचं तो विसरूनच गेला.

‘‘अजून एक डाव बलाव ना,’’ तो म्हणाला.

‘‘आता नाही,’’ तिनं पदरानं डोळे पुसले. ‘‘पयले गोळी पोटात जाऊ द्या.’’