पोटाखालचं बटण

तुम्ही तुमचा माऊस कधी उलटा करून पाहिलाय का? बहुतेक नसेल. माणसं आमच्या पाठीवर हात ठेवतात, पोटाकडे कोणी बघत नाही.

मी एक जुना माऊस बोलतोय. सध्या सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, कपाटाच्या खालच्या खणात, बुटांच्या खोक्यात पडून आहे. हल्लीच्या माऊसच्या पोटात लाल दिवा असतो. माझ्या पोटात रबरी गोळी आहे आणि तिच्या शेजारी नखाएवढं एक सरकतं बटण.

हे बटण चालू-बंदचं नव्हे. ते एका बाजूला असलं की मी संगणकाशी एका भाषेत बोलतो, दुसऱ्या बाजूला असलं की दुसऱ्या. मी कोणत्या भाषेत बोलणार हे संगणकाला आधी सांगून ठेवावं लागतं. ते जुळलं नाही, तर पडद्यावरचा बाण कोपऱ्यात उड्या मारतो किंवा जागेवर थरथरत राहतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून मी नाशिकला आलो आणि शालिमारजवळच्या दुकानातून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. तिथे किती हात माझ्यावरून गेले ते मी मोजले नाहीत. कोणी मला हवेत उचलून फिरवी, कोणी वडापाव खाऊन थेट माझ्यावरच हात ठेवी. एक गृहस्थ तर बटण दाबताना स्वतःचे डोळे मिटून घेत. क्लासने नवे माऊस आणले तेव्हा तिथे शिकवणाऱ्या मनोजने मला पिशवीत टाकलं आणि सिन्नरला आणलं.

तिथे खंडेराव यांचा पंपाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. मनोजने त्यांना एक संगणक जोडून दिला आणि त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटची प्रणाली घातली.

"फुकट हाय म्हणतोस, मग चांगलं कसं असंल?" खंडेरावांनी विचारलं होतं.

"काका, हवा पण फुकटच असते," मनोज म्हणाला.

संगणकावर सुट्या भागांचे नकाशे काढायला उज्वला आली. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, निफाडकडची. तोवर ते काम लाकडी बोर्डावर, पेन्सिलीने, बाहेरचा एक माणूस येऊन करी. उज्वला आली तेव्हा खंडेरावांनी तो बोर्ड माळ्यावर टाकला, पण नोकरी पक्की केली नाही. महिनाभर बघू, म्हणाले. उज्वलाचा हात हलका होता. ती मला ओढत नसे, सरकवत असे.

कारखान्यात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बारीक काळी धूळ उडे. ती माझ्या गोळीला चिकटे. म्हणून एका सोमवारी उज्वलाने कुसाबाईंना सांगितलं, "मावशी, झाडून झाल्यावर याला खालूनही पुसत जा हं."

कुसाबाई तिथे झाडलोट करत, आणि सकाळी कुलूप उघडणं, संध्याकाळी सगळं बंद करून ते लावणंही त्यांच्याकडेच होतं. त्यांची एक फेरी ठरलेली असे. पंखा, दिवे, ग्राइंडर, पाण्याची मोटर, प्रत्येक बटणाला हात लावून बघत. त्या सोमवारी त्यांनी मला उलटं केलं, फडक्याने पुसलं आणि ते बटण त्यांना दिसलं. त्यांनी ते दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि कुलूप लावून घरी गेल्या.

मंगळवारी सकाळी बाण कोपऱ्यात उड्या मारू लागला.

"उंदीर मेला का काय?" खंडेराव दारातूनच म्हणाले.

मनोज नाशिकहून एसटीने आला. त्याने माझी शेपटी काढून परत खोचली. गोळी काढून शर्टाला पुसली. बटणाकडे त्याने पाहिलं नाही. ते त्यानेच कधीतरी लावून ठेवलं होतं, त्याला कोण कशाला हात लावेल? मग तो संगणकाच्या काळ्या पडद्यावर शिरला, एका फाइलमध्ये माझ्या भाषेचं नाव बदलून बघितलं, आणि बाण सरळ चालू लागला.

"झालं. याचं डोकं कधीकधी असं फिरतं," तो म्हणाला.

संध्याकाळी कुसाबाईंनी मला पुसलं आणि बटण पुन्हा दुसऱ्या बाजूला सरकवलं. बाजू कुठली ते त्या बघत नसत; दिवसभर मी चाललो म्हणजे बटण चालूच, आणि चालू असलेलं बंद करायचं तर सरकवायलाच हवं. सकाळी उज्वला ते चालू करतच असेल, असं त्यांनी धरलं होतं.

बुधवारी बाण पुन्हा उड्या मारू लागला. मनोजने फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि उज्वलाने ते फाइलमध्ये लिहिलं. मी चालू लागलो. गुरुवारी पुन्हा तेच. एकाने दिवसा जुळवायचं, दुसऱ्याने संध्याकाळी मोडायचं, आणि दोघांनाही आपण काम नीट केलं असं वाटायचं. मला सगळं ठाऊक होतं. पण मला फक्त डावीकडे, उजवीकडे, वर, खाली एवढंच बोलता येतं.

"ताई, तू काहीतरी हात लावत असशील," मनोज फोनवर म्हणाला.

"मी कशाला लावू?"

"मग माझ्यासमोर चालतो आणि तुझ्यासमोर का नाही?"

उज्वलाने फोन ठेवला. खंडेरावांनी हे ऐकलं होतं. ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि लाकडी बोर्ड खाली काढून भिंतीला टेकवून ठेवला.

"पुण्याच्या पार्टीला शनिवारी दुपारी नकाशा पाहिजे," ते म्हणाले. "नाय झाला तर मी आपला जुना माणूस बोलावतो. तुझा काय दोष म्हणत नाय मी. पण मला रोज उंदराचं दुखणं परवडत नाय."

शुक्रवारी मनोज पुन्हा आला. मला चालू करायला दुपार झाली. उज्वला जेवायलाही उठली नाही. सगळे कामगार गेले, तरी ती बसूनच होती. खंडेराव तिच्या मागे उभे. कुसाबाई फडकं घेऊन दारात थांबल्या, मग पुढे आल्या.

"ताई, जरा हात काढता का? मला तेवढा उंदीर बंद करायचाय. मग घरी जाते."

उज्वलाचा हात माझ्यावर तसाच राहिला.

"बंद करायचाय म्हणजे, मावशी?"

कुसाबाईंनी मला उलटं करून बटण दाखवलं. "हे काय. रोजच करते की."

मनोजने कपाळावर हात मारला आणि हसू लागला. खंडेराव हसले नाहीत.

"चार दिवस आम्ही डोकं फोडतोय, आणि हे तुमचं काम व्हय?"

"आता मला काय माहीत, शेठ?" कुसाबाई हळू म्हणाल्या. "आधीच्या जागी टेबल फॅन रातभर चालू राह्यला. वायर जळाली, कपडे जळाले. तवापासून मी एक बटण सोडत नाय."

"पण मावशी, हे चालू-बंदचं बटणच नाहीये," मनोज म्हणाला.

"मग बटण कशाला दिलंय?"

मनोज चिकटपट्टी शोधू लागला. "हे झाकूनच टाकू. काम संपलं."

कुसाबाई फडक्याची घडी घालत होत्या. घातलेली उलगडून पुन्हा घालत होत्या.

"पट्टी नको," उज्वला म्हणाली. "मावशी, संध्याकाळी तुम्ही बंद करता ना? मग सकाळी तुम्हीच चालू करा. मी यायच्या आत. होईल?"

"होईल की. त्यात काय."

"आणि राहिलं तर?" खंडेरावांनी विचारलं.

"मावशींचं एक तरी बटण आजवर राहिलंय का, शेठ?"

खंडेरावांनी भिंतीजवळच्या बोर्डाकडे पाहिलं. नकाशा अजून अर्धा राहिला होता. "बघू उद्या," एवढंच ते म्हणाले. उज्वला उठली. कुसाबाईंनी मला पुसलं, बटण सरकवलं आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाईंनी कुलूप उघडलं, झाडूला हात लावायच्या आधी मला उलटं केलं आणि बटण परत होतं तिथे आणून ठेवलं. उज्वला येऊन बसली. बाण सरळ चालला. दुपारच्या आत नकाशा पुण्याला गेला, आणि खंडेरावांनी शिडी लावून बोर्ड पुन्हा माळ्यावर ठेवला.