वर कोण?

झोर्नित्सानं ट्रामच्या तारेला घासणाऱ्या कोळशाच्या पट्टीचा शेवटचा बोल्ट आवळायला घेतला, तेवढ्यात खालून वडिलांचा आवाज आला.

"वर कोण?"

तिचा हात पान्यावरच थांबला. ट्रामच्या छतावर ती उकिडवी बसली होती आणि डोक्यावर हातभर अंतरावर तार होती. तारेत वीज नव्हती. खाली खांबावरचा खटका पाडलेला होता आणि खटक्याच्या कडीत ल्युबेन मिस्त्रींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, पितळी बिल्ला लटकत होता. तो एकच. छतावर चढणाऱ्या प्रत्येकानं आपला बिल्ला त्या कडीत अडकवायचा आणि उतरल्यावर स्वतःच्या हातानं काढायचा, असा डेपोचा नियम होता. कडी रिकामी झाली की तारेत वीज सोडत. झोर्नित्साचा एकवीस नंबरचा बिल्ला कपाटात दुसऱ्या डगल्याच्या खिशात राहिला होता. दोन मिनिटांचं तर काम, बाबांचा बिल्ला आहेच, असं म्हणून ती शिडी चढली होती. वडील छताच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरे काम करत होते. ते कधी उतरले, तिला कळलंच नाही.

"वर कोणी आहे का?"

बिल्ला काढण्याआधी अशी हाक मारायची आणि वर असेल त्यानं आपला नंबर ओरडून सांगायचा. 'एकवीस' एवढंच तर म्हणायचं होतं. पण भिंतीपाशी वेंचो आणि आणखी दोघे कॉफी पीत उभे होते. ती ओरडली असती तर सगळ्यांचे डोळे कडीकडे गेले असते. मिस्त्रींची लेक, आणि बिना बिल्ल्याची वर! छतावर एकटीनं काम करायचा परवाना मिळायला सहा आठवडे उरले होते. तरी बिल्ला विसरल्याची बोलणी खाऊन सुटता आलं असतं. पहिल्या हाकेला ती गप्प राहिली आणि तिथंच ती चूक वेगळी झाली. हाक ऐकून गप्प राहणाऱ्याला पुन्हा छतावर जाऊ देत नसत. तीन वर्षांत तिनं तसा एक माणूस जाताना पाहिला होता.

आता ते बिल्ला काढतील, हे तिला ठाऊक होतं. तरी तिची जीभ उचलली नाही.

मग शिडी करकरली. एकेक पायरी. वडिलांची टोपी वर आली, मग चेहरा. कठडा धरून ते जरा वेळ नुसते श्वास घेत राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं.

"उतर," ते म्हणाले. "कॉफी गार होतेय."

संध्याकाळी दोघं नेहमीसारखी ट्रामनं घरी निघाली. वडिलांनी थांब्यावरून सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेतली आणि अर्धी तिच्या तळहातावर ओतली. डेपोच्या फाटकाआत ती त्यांना मिस्त्री म्हणे आणि ते तिला एकवीस. फाटकाबाहेर पडलं की ते बाबा आणि ती झोरी.

"झोरी, तुझे कान ठीक आहेत ना गं?"

तिला वाटलं, टोमणा आहे. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"ठीक आहेत."

"हं." त्यांनी घसा खाकरला. थोड्या वेळानं पुन्हा खाकरला. "आईला सांग, उद्या मिरच्या भाजूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते न्हाणीघरात कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. हे केव्हाही झालं असतं, असंही म्हणाले. आईनं तो 'केव्हाही' घट्ट धरून ठेवला. येईल त्या प्रत्येकाला ती तो शब्द सांगे. झोर्नित्सा त्या वेळी उठून पाणी आणायला जाई. केव्हाही म्हणजे मागच्या हिवाळ्यात का नाही? शिडी दुसऱ्यांदा चढले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी का?

डेपोच्या फाटकावर त्यांचा फोटो आणि निधनाची बातमी छापलेला कागद चिकटवला होता. रोज सकाळी त्याच्या समोरून आत जावं लागे. नवव्या दिवसाच्या विधीनंतर ती कामावर आली तेव्हा सगळे तिच्याशी हळू बोलत, आणि त्या हळू बोलण्याचीच तिला धास्ती वाटे. यांना ठाऊक असेल का? वेंचोनं त्या दिवशी वर पाहिलं होतं का? कोणी जरा मोठ्यानं बोललं की ती ताडकन ओरडे.

"एकवीस!"

"अगं बाई, मी मांजरीला हाक मारली," वेंचो म्हणाला. "तिचा नंबर वेगळा आहे!"

सगळे हसले. तीही हसली. खिशातला हात मात्र बिल्ल्यावरच होता. हल्ली तिच्या बोटांना दिवसभर पितळेचा वास यायचा.

वडिलांचा चाळिसावा दिवसही झाला. दुसऱ्या दिवशी परवाना. आईनं डब्यात शिजवलेले गोड गहू दिले आणि वर चॉकलेटचा खोका ठेवला. "गहू त्यांच्या नावानं वाट आणि चॉकलेटं तुझ्या. आधी गहू."

फोरमन स्तामेनकाकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यांनी कागदावर शिक्का मारून ठेवला होता, सही तेवढी राहिली होती. पुढ्यात छताच्या कामाची वही होती. परवाना घेणाऱ्यानं गेल्या तीन महिन्यांतल्या चुकांच्या नोंदी वाचायच्या आणि खाली 'वाचलं' म्हणून सही करायची, अशी रीत होती. दुसऱ्याच्या चुकीतून शहाणं व्हावं म्हणून.

"हे वाच, हे वाच," स्तामेनकाका पानं उलटत होते. एका ठिकाणी त्यांनी दोन पानं एकदम उलटली. "हे राहू दे."

"काका, सही तर सगळ्याखाली करायची आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पान मागं घेतलं.

वडिलांचं अक्षर होतं, उभं, एकेक अक्षर सुटं. तारीख त्या दिवसाची. 'शिकाऊ २१ बिल्ल्याविना छतावर. समज दिली. मी दोनदा हाक मारली. आवाज पुरेसा मोठा नव्हता. चूक माझी. ल्युबेन.'

तिनं ते एकदा वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"बिल्ल्याचं मनाला लावून घेऊ नकोस," स्तामेनकाका म्हणाले. "शिकाऊ पोरं विसरतातच, म्हणून तर हाक ठेवलीय. चाळीस दिवस माझ्याकडं चोरासारखी बघतेस, कळत नाही का मला?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो स्वतः आला होता इथं. एकतीस वर्षांत त्याच्या नावावर एक ओळ नव्हती. मी म्हटलं, ल्युबेन, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, सोड की. तर म्हणाला, नाही रे, माझा आवाज बसत चाललाय. खाली उभा राहून मी ओरडतो नि लेकीला ऐकू जात नाही. म्हणाला, पुढल्या महिन्यापासून मला छतावर पाठवू नकोस. हाक पोचत नाही त्या माणसानं कडीला हात लावू नये. माझ्या हातनं ती गेली असती, स्तामेन, असं म्हणाला. तिथं, त्या खुर्चीवर बसून."

झोर्नित्सानं खुर्चीकडे पाहिलं नाही.

"मी म्हटलं, बघू सोमवारी." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "सोमवार कुठला यायला."

बाहेरून वेंचोनं दारात डोकं घातलं. "झालं का, मिस्त्रीणबाई? चॉकलेटं वितळतायत!"

"जरा थांब रे," स्तामेनकाका म्हणाले आणि त्यांनी पेन तिच्यापुढं सरकवलं. "कर सही. तीन वर्षं राबलीस तू. त्यालाही बरं वाटेल."

तिनं पेन हातात घेतलं. टोपण काढलं, परत लावलं. शिक्का मारलेला परवाना तिच्या कोपराशीच होता. कोपर लागून तो खाली पडू नये म्हणून तिनं तो उचलला आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला, स्तामेनकाकांच्या बाजूला ठेवला.

"अगं, तो तुझाच आहे."

"काका, इथं जे लिहिलंय ते खरं नाही."

"काय खरं नाही?"

वेंचो दारातच उभा होता. त्याच्या मागं आणखी दोघे येऊन उभे राहिले होते. झोर्नित्सा उठली. त्या खोलीसाठी लागेल त्याहून मोठ्यानं ती बोलली.

"बाबांचा आवाज बसला नव्हता. चांगला मोठा होता. पहिल्याच हाकेला मला ऐकू आला होता. मी ओ दिली नाही."