डॉक्टर गट

मोहिनी मॅडमचा जीव त्या दिवशी सहा संगणकांत अडकला होता. इंटरनेटवरून शिकवणं म्हणजे नक्की काय, ते बघायला तालुक्याचे साहेब यायचे होते. मखमलाबादच्या बाजूच्या त्या शाळेत २००६ सालीसुद्धा संगणकाची खोली कुलपातच असायची; मुलं हात लावतील म्हणून! मुख्याध्यापक रंगनाथ सरांच्या मागे लागून लागून मोहिनीने ती उघडायला लावली होती.

आठवीचा धडा तिने द्राक्षांच्या फवारणीवर बेतला होता. प्रत्येक गटाला एकेक सोंग. कोणी बागाईतदार, कोणी व्यापारी, कोणी डॉक्टर. कुठल्या साइटवर जायचं ते कागदावर दिलेलं. भलतीकडे फिरकायचं नाही. वाचायचं, उत्तरं काढायची आणि शेवटी आपल्या गटाचा सल्ला सगळ्यांपुढे मांडायचा. पानं इंग्रजीत होती. त्यांचं मराठी मोहिनीने स्वतः टाइप केलं होतं, लेकाला मांडीवर थोपटत, एका हाताने.

राखी नेमकी आजच उशिरा आली. तिचं कुटुंब सुरगाण्याकडचं; रंगनाथ सरांच्याच बागेत कामाला, बागेतच खोपी करून राहणारं.

"आजच बरा उशीर झाला गं तुला?"

"आमच्या बारक्या चिंगीला कालपासनं उलट्या होत्यात, मॅडम. आय घरीच हाय. मीठ-साखरेचं पाणी पाजतेय तिला."

"मग बरोबर करतेय आई. पाजत राहायचं. जा, डॉक्टर गटात बस पटकन."

साहेब आले. व्यापारी गटाचा दिनेश ऐटीत उभा राहिला. "साहेब, आमची द्राक्षं लंडनला जातात. तिथली माणसं लय भित्री. एवढंसं औषध सापडलं तरी अख्खा कंटेनर परत!" साहेब खळखळून हसले. रंगनाथ सरांची छाती फुगली. मोहिनीने कुठे जरा श्वास सोडला.

मग डॉक्टर गटाची पाळी आली. राखी खालच्या मानेने वाचू लागली. "औषधाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून ते पुरून टाकावेत. डबा कितीही धुतला तरी त्यात पिण्याचं पाणी..."

ती थांबली.

"वाच ना गं," शेजारची पोरगी कुजबुजली.

राखीने कागद उलटा केला. मागे विषबाधेची लक्षणं होती. तिचं बोट एकेका ओळीवरून सरकत गेलं. उलट्या. तोंडातून लाळ. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"मॅडम," ती म्हणाली, "चिंगीची बाहुली दिसतच नाय. सकाळी आयला म्हटलं मी. ती म्हणली, झोप नाय झाली तिची."

मोहिनी तिच्याजवळ गेली. "पाणी कशात भरता तुम्ही?"

"जुना हंडा गळाया लागला. म्हणून परवा बागेतला औषधाचा निळा ड्रम घेतला. आयनं राखेनं घासलाय चांगला."

"अहो, सगळ्याच बागांत भरतात पाणी त्यात," रंगनाथ सर घाईने म्हणाले. "वर्षानुवर्षं! पोरीचं काय मनावर घेता? साहेबांना वेळ नाहीये, पुढचा गट घ्या."

"सर, मोबाइल द्या तुमचा."

"मॅडम, तुमची नोकरीची कायमची ऑर्डर अजून निघायची आहे..."

"निघेल नाहीतर राहील!" मोहिनीचा आवाज तिलाच ओळखू येईना. "लेकरू उलटी करतंय म्हणून आई त्याच ड्रमातलं पाणी पाजतेय. उलटी झाली की आणखी पाजतेय. आणि पाजत राहा म्हणून मीच आत्ता सांगितलंय!"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच मुकादमाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. फवारणीच्या ट्रॅक्टरपुढे कुणाला काय ऐकू येणार!

"जीप काढा," साहेब म्हणाले. "राखीलाही घ्या. मुलांपाशी मी बसतो."

राखीची आई लताबाई खोपीच्या दारात बसली होती. मांडीवर चिंगी, मान टाकलेली, ओठांच्या कडेला फेस. चमचा ओठांशी नेलेला. मोहिनी धावत गेली आणि तिने तो हातच झटकला.

"सांडलं की ओ मॅडम! मीठ-साखरेचं हाय ते!"

"औषधाचं आहे, लताबाई. उठा."

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी बागेत कुठलं औषध मारता ते विचारलं. रंगनाथ सरांनी नाव सांगितलं, एकदाच, स्पष्ट. ड्रम आपल्याच बागेतला, हेही सांगितलं. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले. लताबाईचं डोकंही परवापासून दुखत होतं. "आमचं काय घेऊन बसलात," एवढंच ती म्हणाली.

इंजेक्शनं चालू झाली. संध्याकाळी चिंगी रडली. चांगली खणखणीत रडली. डॉक्टर म्हणाले, "आता धोका टळला. या इंजेक्शनाने तोंड कोरडं पडतं. घोट घोट पाणी द्या."

राखीने नळावरून ग्लास भरून आणला. लताबाईने तो घेतला, चिंगीपर्यंत नेला, आणि तिचा हात तिथेच थबकला. लेकरू पाण्यासाठी आकांत करत होतं. तिला काही पाजवेना. तिने मोहिनीकडे पाहिलं.

मोहिनीने ग्लास घेतला. लताबाईच्या देखत दोन घोट पिऊन तिने तो तिच्या हातात परत दिला.

"द्या आता," ती म्हणाली.