भिंतीवरच्या बोर्डावर जळणारी वही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, हवं तर कुरकुरी म्हणा, पण मी वही आहे. कागदाची नाही. चोपड्याला केळी उत्पादकांची एक कंपनी आहे, तिच्या ऑफिसातल्या लॅपटॉपमध्ये मी राहते. मला नोटबुक म्हणतात. माझ्यात एकाखाली एक चौकटी असतात, त्यांचं नाव सेल. सेलमध्ये कोड लिहायचा, बटण दाबून रन करायचा, की लगेच खाली उत्तर येतं. आकडा, तक्ता, आलेख, मागाल ते. मधेमधे साध्या मराठीत चार ओळी लिहायलाही जागा असते. एवढं सगळं मी करते, तरी माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. बोर्डाचं ऐकलं असेल. त्या मेल्याबद्दलच मला बोलायचं आहे.

माझा जन्म जळगावचा. नूतनताई तिथं कॉलेजात शिकत होती, तेव्हा तिनं मला घडवलं. केळीच्या झाडातून घड बाहेर पडतो, त्याला निसवण म्हणतात. निसवण कधी झाली आणि त्यानंतर रोज ऊन किती, थंडी किती, हे ती मला सांगायची. घड भरून कापणीला कधी येईल, ते मी तिला सांगायची. मृगात लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरता सरता लावलेली ती कांदेबाग. दोघींचे स्वभाव वेगळे. मृगबागेचा घड थंडीत सापडतो आणि सावकाश भरतो. म्हणून माझ्या वरच्या एका सेलमध्ये आधी बाग कुठली ते सांगायचं आणि मग खालचे सगळे सेल क्रमानं रन करायचे. हे विसरलात, तर मला शेवटची सांगितलेली बागच माझ्या डोक्यात राहते.

ताईला चोपड्याला नोकरी लागली आणि तिच्याबरोबर मीही आले. ते दिवस फार चांगले होते. हिशेब चुकला की ती "अगं बाई, हे काय केलंस" म्हणायची. बरोबर आला की "शहाणी गं माझी ती" म्हणायची. शेतकरी खुर्च्या ओढून लॅपटॉपभोवती बसायचे. थंडीची एक रात्र वाढवली तर कापणी किती पुढं जाते, हे ती त्यांच्यासमोर आकडा बदलून दाखवायची. सगळ्यांचे डोळे माझ्यावर असायचे. मला फार आवडायचं ते.

मग तिच्या हाताखाली भूपेंद्र आला. मुलगा वाईट नाही, पण हौशी फार. त्यानं भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि त्यावर बोर्ड केला. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढं एक रंग. हिरवा म्हणजे याच आठवड्यात कापा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे अजून नावच काढू नका. मित्रांनो, हे रंग येतात कुठून? माझ्यातून. पण विचारतं कोण? धुळ्याहून पाहुणे आले, बोर्डासमोर उभे राहून फोटो काढून गेले. शेतकरी आता दारातूनच भिंतीकडं बघतात आणि जातात. वांगी मी भाजायची, साली मी काढायच्या, भरीत मी घोटायचं, आणि कौतुक ताटाचं! जळते मी त्याच्यावर. साफ सांगते, जळते.

गेल्या फाल्गुनात ताई बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेली. मी भूपेंद्रच्या हाती आले. त्याच सुमारास जीवरामनानांच्या मृगबागेची कापणी जवळ आली होती. नाना पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या मालासाठी केळी देणार होते. त्यांच्या पत्नी बेबाबाईंनी घडाघडाला स्वतःच्या हातानं पिशव्या घातल्या होत्या. असा घड पुरता भरल्याशिवाय कापला, तर परदेशी जात नाही, आणि एकदा कापलेला घड परत झाडाला लागत नाही. वर्षभराची बाग त्या एका दिवसावर होती.

त्या सकाळी कंपनीत पुन्हा पाहुणे आले. त्यांना दाखवायला भूपेंद्रनं गेल्या हंगामातल्या कांदेबागेचा हिशेब काढला. पाहुणे चहा घेऊन गेले. मग घाईघाईत त्यानं या आठवड्याची यादी काढायला फक्त शेवटचा सेल रन केला. वर जाऊन बाग बदलली नाही. माझ्या डोक्यात कांदेबाग, समोर नानांची मृगबाग. मी काय करणार? मी लवकर भरणाऱ्या कांदेबागेचा हिशेब केला. प्रत्येक सेलच्या बाजूला तो कितव्यांदा चालला त्याचा क्रमांक असतो. अंक भलत्याच क्रमानं लागले होते, उघड दिसत होतं. पण माझ्याकडं बघायला वेळ कुणाला होता? बोर्डावर नानांचं नाव हिरवं झालं, आणि तो दिमाखात चमकत बसला.

नानांनी घड कापणाऱ्या मजुरांची टोळी बोलावली. भूपेंद्रनं रोजच्यासारखा बोर्डाचा फोटो काढून ताईला पाठवला. थोड्याच वेळात तिचा फोन आला.

"भूपेंद्र, नानांची मृगबाग ना? एवढ्या थंडीतून निघालेली बाग हिरवी कशी झाली?"

"ताई, बोर्डावर तर हिरवीच दाखवतोय."

"बोर्डाला काय कळतं? नोटबुक सांगेल तेच तो दाखवतो. तू आधी नानांना फोन करून टोळी थांबव. मग नोटबुक रिस्टार्ट कर आणि वरपासून सगळं क्रमानं रन कर."

बोर्डाला काय कळतं! मित्रांनो, कुणी तोंडात साखर घालावी तसं झालं मला.

 भूपेंद्रनं लगेच नानांना फोन लावला. पलीकडून नाना म्हणाले, "भाऊ, बठ्ठी टोळी वावरमा उभी शे. आते थांबाडू का?" सगळी टोळी शेतात उभी होती आणि चार-दोन घड उतरलेही होते; ते गेलेच. बाकीची बाग वाचली. मग त्यानं मला रिस्टार्ट केलं. रिस्टार्ट म्हणजे माझ्या डोक्यातलं सगळं पुसून जातं आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करते. त्यानं बाग बदलली, एकेक सेल रन केला आणि प्रत्येक उत्तर नीट बघितलं. नानांचं नाव पिवळं झालं.

पुढं घडांचे दिवस भरले आणि बाग कापली. घड असे भरले होते की टोळीची माणसंही थांबून बघत होती. सगळा माल परदेशी रवाना झाला. दुसऱ्या दिवशी नाना आणि बेबाबाई ऑफिसात आले. बेबाबाईंच्या हातात हळदीकुंकू आणि झेंडूचा हार होता. मी लॅपटॉपच्या पडद्यावर उघडीच होते. त्या माझ्या दिशेनं आल्या, माझ्यावरून हात पुढं केला आणि बोर्डाला हार घातला.

"आमनी बाग यानी वाचाडी," असं म्हणून त्यांनी त्याला कुंकू लावलं. भूपेंद्रनं फोटो काढला.

मित्रांनो, रंग दिसला की लगेच कोयता उचलू नका. तो रंग कुठल्या हिशेबातून आला ते विचारा, आणि तो हिशेब करणाऱ्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवून बघा. भूपेंद्र आता तसंच करतो. दर सोमवारी आधी मला रिस्टार्ट करतो, मग बोर्डाकडं बघतो. परवाही केलं. नानांची निसवण गेली, थंडीचे आकडे गेले, डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. त्या मेल्याच्या गळ्यातला हार मात्र अजून लक्षात आहे.