आम्रपालीचा टाकीचा प्रोग्राम

तंत्रनिकेतनच्या लॅबमधी मी तीस वर्षं सहायक होतो. पोरांना एकच गोष्ट बोंबलून सांगितली. फंक्शन, म्हंजी प्रोग्राममधला एका कामाचा तुकडा, खाली लिहून वर वापरायचं आसंल, तर त्याचं नाव, ते काय घेतं अन् काय देतं, हे सुरवातीलाच एका ओळीत सांगून ठिवा. ह्याला प्रोटोटाइप म्हणायचं. न्हाई सांगितलं तर कंपायलर, म्हंजी लिहिलेलं मशीनला कळंल आसं करून देणारा, वॉर्निंग द्यायचा. पोरं म्हणायची, "सर, वॉर्निंगच हाय, एरर थोडीच हाय? चालतंय की!" माझं डोस्कं फिरायचं. अन् सगळ्यात जास्त फिरवलं ते माझ्याच लेकीनं.

आम्रपालीनं आमच्या सिरसाळ्याच्या घरी टाकीचा प्रोग्राम केलता. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. फंक्शन खाली, वापर वर, प्रोटोटाइपचा पत्ता न्हाई! मी वरडलो. ती म्हणली, "पप्पा, मोटर बंद होतीय ना? मग कावून जीव खाताव?"

चार वर्षांखाली तिला पुण्यात नोकरी लागली. मी तिच्यासाठी आमच्या कॉलेजात शब्द टाकून ठिवलता. तिनं सरळ न्हाई म्हणलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जा, पण परत ह्या घरात पाय ठिवू नको." पोरगी बापावरच गेलेली. न्हाई ठिवला. आईला फोन करती. तवा मी टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकतो. लई आठवण येती तिची. ताटावर बसलं की घास तोंडात फिरतो.

मागल्या आठवड्यात प्रोग्रामचं कार्ड जळलं. मुजाहिद मेकॅनिकनं नवं बसवलं, त्याच्यासाठी लॅपटॉपवर कंपायलरबी नवाच टाकला. जुना नुसती वॉर्निंग देऊन काम करायचा. ह्यो त्याच चुकीला एरर म्हणून आडून बसला. मोटर हातानं चालू-बंद करायची पाळी आली, अन् ध्यान न्हाई राहिलं की टाकी वाहून अंगणात चिखल. माझी बायको मालन म्हणली, "आवो, एवढी नोकरी केली, एक ओळ लिवा की!"

लॅपटॉपपुढं बसलो. एका मिंटाचं काम. बटनावर बोट ठिवलं अन् उचललं. ही ओळ मीच लिहिली, तर लेकीला फोन करायला कारण काय उरंल? मोबाइल घेतला. तिला लावला.

"पप्पा? जय भीम. आई बरी हाय ना?"

"बरी हाय. जय भीम. टाकीचा प्रोग्राम चालंना गेलाय."

"काय म्हणतोय?"

एरर वाचून दाखवली. ती जरा हसली. "प्रोटोटाइप न्हाई त्यात. वर एक ओळ टाका."

"मला न्हाई येत."

"तुमाला? प्रोटोटाइप?"

"न्हाई येत म्हणलं ना!"

"खोटं बोलताव, पप्पा."

मालन दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी म्हणलो, "हाव, खोटंच बोलतोय. तू ये अन् लिहून दे. तुला बघावं वाटतंय, बाई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"किती वाट बघायला लावली वो," ती म्हणली. "शनिवारी येते. तवर त्या फायलीला हात लावताल तर बघा."

मी लॅपटॉप मिटला, अन् मोटर बंद करायला पळालो.